व्यायाम आवडतो का, हे मोजायचं कसं? नवख्यांसाठी पायरीपायरीने

व्यायामाचे वर्ग घेणारे, फिजिओथेरपिस्ट, शारीरिक शिक्षण किंवा मानसशास्त्राचा प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य उपक्रम चालवणारे, या सगळ्यांना कधी ना कधी एकच प्रश्न पडतो. लोक येतात, घाम गाळतात, पण त्यांना हे आवडतंय का? मग फॉर्मच्या तळाशी एक ओळ टाकली जाते, 'तुम्हाला व्यायाम आवडतो का? हो / नाही'. बहुतेक जण 'हो'वर खूण करतात आणि त्या 'हो'चं पुढे काहीच करता येत नाही. कुठला व्यायाम, कधी, किती आवडतो, मागच्या महिन्यापेक्षा जास्त की कमी, यातलं काहीही त्यातून कळत नाही.

आवड मोजण्याचा खटाटोप का करायचा? कारण आवडीचा संबंध टिकण्याशी आहे. 2008 साली विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी बैठी जीवनशैली असलेल्या प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तीव्रतेचा व्यायाम चालू असताना ज्यांना जास्त बरं वाटलं, ते 6 आणि 12 महिन्यांनंतरही जास्त सक्रिय असल्याचं त्यात दिसलं. 'फायदे समजावून सांगा म्हणजे लोक व्यायाम करतील' या समजुतीवर चालणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरा थांबून वाचावा.

हा लेख प्रौढांपुरता आहे. मुलांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत आणि त्या उचलून मोठ्यांना देणं ही या कामातली नेहमीची गफलत आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी 1: कुठली आवड, आणि कधीची?

प्रश्नावली शोधण्याआधी एका कागदावर दोन उत्तरं लिहा. घाई असेल तर बाकीच्या पायऱ्या भरभर करा, पण इथे वेळ द्या, कारण साधनाची निवड पूर्णपणे या उत्तरांवर ठरते.

पहिलं उत्तर: कशाबद्दल विचारायचं आहे? एकूण शारीरिक हालचालीबद्दल, पोहणं किंवा सायकल चालवणं अशा एखाद्या प्रकाराबद्दल, की आज संध्याकाळी झालेल्या 40 मिनिटांच्या सत्राबद्दल? एखाद्याला चालणं मनापासून आवडतं आणि वजनं उचलणं अजिबात नको वाटतं. त्याला 'व्यायाम' हा एकच शब्द देऊन आकडा मागितला, तर तो मनातल्या मनात कसली तरी सरासरी काढतो. कसली, ते आपल्याला कळत नाही.

दुसरं उत्तर: कोणत्या क्षणी? इथे गोष्ट फार रंजक होते. व्यायामाआधीची अपेक्षा, व्यायाम चालू असतानाची भावना आणि नंतरची आठवण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे आकडे जुळतीलच असं नाही.

आधीची अपेक्षा बहुधा कमी निघते. रुबी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की लोक स्वतःला व्यायाम किती आवडेल याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी बांधतात. त्यांच्या मते याचं एक कारण असं, की अंदाज बांधताना डोळ्यासमोर सुरुवातीची नकोशी मिनिटंच येतात, पुढचा बरा भाग येत नाही.

चालू असतानाची भावना तीव्रतेवर हलते. पांतेलेइमॉन एक्केकाकिस या संशोधकाने यावर बराच काळ काम केलं आहे. हलक्या ते मध्यम तीव्रतेत बहुतेकांना बरं वाटतं. श्वास एकदम वाढून सलग वाक्य बोलणं अवघड होतं, तो टप्पा म्हणजे व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड. त्याच्या आसपास माणसामाणसांत फरक पडू लागतो, कुणाला मजा येते तर कुणाला नको होतं. त्याच्या बरंच वर गेलं की जवळपास सगळ्यांचाच आकडा खाली येतो. आणि थांबल्यावर काही मिनिटांतच तो झपाट्याने वर उसळतो. म्हणजे दमवणारं सत्र संपून पाणी पीत बसलेल्या माणसाला 'कसं वाटलं?' विचारलं, तर आपण बऱ्याच अंशी सुटकेचा आनंद मोजत असतो.

आठवणीचे आणखी वेगळे खेळ असतात. शेवट कसा झाला याचा तिच्यावर बराच पगडा असतो. झेंको आणि सहकाऱ्यांच्या 2016 च्या अभ्यासात दोन गटांनी 15 मिनिटं सायकल चालवली. एका गटाची तीव्रता शून्यापासून चढत गेली, दुसऱ्याची जास्तीपासून उतरत गेली. उतरत्या गटाला व्यायाम नंतर जास्त सुखद आठवला आणि पुढच्या वेळीही तो सुखदच असेल असं त्यांना वाटलं.

तेव्हा आपल्याला काय हवंय ते ठरवा. लोक पुढच्या आठवड्यात परत येतील का हा प्रश्न असेल, तर आठवण आणि अपेक्षा कामाची. सत्राची आखणी सुधारायची असेल, तर चालू असतानाची भावना हवी. दोन्ही हवं असेल तर दोन्ही मोजा, पण एकाच आकड्यात कोंबू नका.

पायरी 2: आवडीच्या शेजारच्या गोष्टी बाजूला काढा

'व्यायामाने मला फायदा होतो', 'व्यायाम केला नाही तर अपराधी वाटतं', 'पूर्ण केल्यावर अभिमान वाटतो', 'व्यायाम करणं महत्त्वाचं आहे'. यांपैकी एकही विधान आवडीचं नाही. पहिलं उपयुक्ततेचं, दुसरं मनावरच्या दडपणाचं, तिसरं समाधानाचं आणि चौथं मूल्याचं. वर्षानुवर्षं न चुकता पहाटे धावणारा माणूस धावणं मनातून नापसंत करत असू शकतो. त्याची शिस्त खरी, पण ती आवड नव्हे. घरी बनवलेल्या प्रश्नावल्यांमध्ये ही विधानं सर्रास मिसळलेली दिसतात आणि मग बेरीज कशाची झाली ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तसंच आवड आणि प्रमाण यांची सरमिसळ नको. किती हालचाल होते हे मोजायला वेगळी साधनं आहेत. मागच्या 7 दिवसांबद्दल विचारणारी आयपॅक प्रश्नावली आणि जागतिक आरोग्य संघटनेची जीपॅक ही त्यातली प्रचलित नावं. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोमदार हालचाल करावी, असं संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कोण तिथपर्यंत पोचतंय, हे पाहायचं असेल तर या प्रश्नावल्या आवडीच्या प्रश्नावलीसोबत द्या. फक्त क्रम सांभाळा, आवडीचे प्रश्न आधी आणि मिनिटांचा हिशेब नंतर. 'तुम्ही किती कमी चालता' याची जाणीव करून दिल्यावर कुणी मोकळेपणाने आवडनिवड सांगत नाही.

पायरी 3: साधन निवडा

सुरुवात जिथून होते ते साधन म्हणजे फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी एन्जॉयमेंट स्केल. संशोधकांच्या बोलण्यात त्याला 'पेसेस' म्हणतात. केंडझिएर्स्की आणि डीकार्लो यांनी ते 1991 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात 18 ओळी आहेत. प्रत्येक ओळीच्या दोन टोकांना परस्परविरोधी वाक्यं आणि मध्ये 1 ते 7 आकडे. एका टोकाला 'मला यात मजा येते' आणि दुसऱ्याला 'मला हे नकोसं वाटतं', अशा धर्तीचं. भरणाऱ्याने आपण या दोहोंच्या मध्ये कुठे आहोत तिथे गोल करायचा. 18 पैकी 11 ओळींत सुखद टोक 1 च्या बाजूला आहे, म्हणून त्या उलट्या मोजायच्या. एकूण गुण 18 ते 126, जास्त गुण म्हणजे जास्त आवड.

या साधनाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याची कसोटी कशी लावली ती. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एकदा जागच्या सायकलवर आणि एकदा छोट्या ट्रॅम्पोलिनवर जॉगिंग करायला लावलं, दोन्हींना गुण द्यायला सांगितलं आणि तिसऱ्या वेळी 'हवं ते निवडा' म्हटलं. ज्याला जास्त गुण दिले होते तेच बहुतेकांनी निवडलं. कागदावरची खूण आणि पायांनी केलेली निवड जुळली.

18 ओळी जड वाटत असतील तर छोट्या आवृत्त्या आहेत. मलन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ज्येष्ठ प्रौढांच्या गटांवर 8 ओळींची आवृत्ती तपासली. तिचे गुण 8 ते 56 असतात. 2021 मध्ये 4 विधानांची आणखी छोटी आवृत्तीही आली. मोठ्या सर्वेक्षणात, जिथे आवड हा वीस विषयांपैकी एक असतो, तिथे 4 विधानंच परवडतात. इंटरनेटवर शोधलं की 16 विधानांची आणि 1 ते 5 अशा श्रेणीची एक आवृत्तीही पटकन सापडते. ती 2001 मध्ये किशोरवयीन मुलींसाठी बेतली होती. प्रौढांवर ती वापरायची असेल तर आधी आपल्यासारख्या प्रौढ गटावर कुणी तिची तपासणी केली आहे का ते पाहा, नुसती सापडली म्हणून घेऊ नका.

व्यायाम चालू असताना विचारायचं असेल तर यातली कुठलीच चालणार नाही. धावणाऱ्या माणसाच्या हातात 18 ओळींचा कागद कोण देणार? तिथे फीलिंग स्केल. हार्डी आणि रेजेस्की यांची ही 1989 सालची मोजपट्टी, उणे 5 ते अधिक 5. अधिक 5 म्हणजे खूप छान वाटतंय, शून्य म्हणजे ना बरं ना वाईट, उणे 5 म्हणजे फार वाईट वाटतंय. मोठ्या अक्षरांत एक तक्ता छापा, समोर धरा, माणूस एक आकडा बोलतो किंवा बोट दाखवतो. दोन-तीन सेकंदांचं काम. ती काटेकोरपणे 'आवड' मोजत नाही, त्या क्षणीची सुखद किंवा नकोशी भावना मोजते, हा फरक अहवालात लिहा. चालू सत्रात खास मजेबद्दलच एका ओळीत विचारायचं असेल तर स्टॅनली आणि कमिंग यांनी 2010 च्या अभ्यासात वापरलेली 1 ते 7 गुणांची एक्सरसाइज एन्जॉयमेंट स्केल आहे.

आणखी दोन पर्याय नावापुरते माहीत असावेत. इंट्रिन्झिक मोटिव्हेशन इन्व्हेंटरीमधला रस आणि मजा याबद्दलचा 7 विधानांचा भाग नुकत्याच केलेल्या कृतीबद्दल विचारायला सोयीचा आहे. ब्रेक-2 ही 2004 सालची 19 विधानांची प्रश्नावली माणूस व्यायाम कशासाठी करतो ते विचारते, आवडीसाठी, पटलं म्हणून, अपराधी वाटू नये म्हणून, की कुणी मागे लागलंय म्हणून. पायरी 2 मधली गुंतागुंत सोडवायची असेल तर ती उपयोगी पडते. या साधनांच्या वापराच्या अटी वेगवेगळ्या असतात, त्यामुळे मूळ लेख काढून वाचा आणि जिथे परवानगी मागायची असेल तिथे ती लेखी मागा.

स्वतःची नवी प्रश्नावली बनवण्याचा मोह टाळा. तुमची दहा वाक्यं कदाचित जास्त चांगली असतील, पण त्यांची तुलना जगातल्या कुठल्याच आकड्याशी करता येणार नाही.

पायरी 4: मराठी आवृत्ती हातात कशी यायची

तपासलेली मराठी आवृत्ती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर रात्रीत बसून भाषांतर करू नका. रूढ पद्धत अशी: दोघांनी एकमेकांना न दाखवता मराठी मसुदा करायचा, मग एकत्र बसून एक करायचा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने तो परत मूळ भाषेत न्यायचा, आणि मूळ भाषेतले दोन्ही मजकूर शेजारी ठेवून कुठे अर्थ घसरला ते पाहायचं.

त्यानंतरची गोष्ट बरेच जण गाळतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे, अशा पाच-सात जणांना ती समोर बसून भरायला द्या आणि भरताना मनात काय येतंय ते मोठ्याने बोलायला सांगा. 'इथे मी 4 केलं, कारण मला प्रश्न कळला नाही' हे वाक्य तुम्हाला फक्त असंच ऐकायला मिळेल. मधला आकडा म्हणजे 'तटस्थ' असं आपण धरतो, भरणाऱ्यासाठी तो अनेकदा 'माहीत नाही' असतो.

दोन टोकांची मांडणी अनेकांना नवी असते. म्हणून सुरुवातीला एक सरावाची ओळ द्या, व्यायामाशी संबंध नसलेली, उदाहरणार्थ पहाटे उठण्याबद्दलची. ती बरोबर भरता आली की पुढे जा. उलट्या ओळींमुळे घोळ होतो, कारण घाईत माणूस एकाच बाजूला खुणा करत जातो. त्या काढून टाकायच्या नाहीत, नाहीतर साधन तेच राहत नाही. मात्र अशा कागदांवर नजर ठेवा. 18 च्या 18 ओळींत 7 वर गोल असेल तर माणूस एकाच वेळी 'खूप मजा येते' आणि 'अजिबात नकोसं वाटतं' म्हणतोय. असा कागद बाजूला ठेवा आणि किती कागद बाजूला ठेवले ते नोंदवा.

पायरी 5: प्रत्यक्ष विचारणं

वर्ग घेणाऱ्याने स्वतः विचारू नये. ज्याने तासभर उत्साहाने शिकवलं त्याच्याच तोंडावर 'कंटाळा आला' कोण म्हणेल? दुसऱ्या कुणाला तरी कागद वाटू द्या, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा, भरलेले कागद बंद पेटीत टाकू द्या. उत्तर काहीही आलं तरी वर्गात किंवा उपचारात फरक पडणार नाही हे आधी स्पष्ट सांगा, आणि संमती घ्या. वाचता न येणाऱ्या किंवा चष्मा विसरलेल्या माणसाला ओळी वाचून दाखवायला हरकत नाही, पण सगळ्या ओळी एकाच सुरात वाचा.

सूचनेत काळ आणि विषय दोन्ही लिहा. 'आत्ता झालेल्या सत्राबद्दल' किंवा 'गेल्या चार आठवड्यांत तुम्ही केलेल्या चालण्याबद्दल', असं. आणि दर वेळी तेच शब्द, तीच वेळ. पहिल्या महिन्यात सत्र संपताक्षणी आणि तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलंत, तर फरक आवडीचा की वेळेचा, हे कुणीच सांगू शकणार नाही.

फीलिंग स्केल वापरताना सुरू होण्याआधी एकदा, मध्ये दर पाचेक मिनिटांनी, थांबताक्षणी, आणि थांबल्यावर 10 ते 15 मिनिटांनी विचारा. एक सूचना आवर्जून द्या: 'किती दम लागलाय ते नको, कसं वाटतंय ते सांगा.' श्रमाचा अंदाज घ्यायला बोर्गची 6 ते 20 ही वेगळी मोजपट्टी आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. 'खूप दमलोय पण मस्त वाटतंय' हे अगदी खरं उत्तर असू शकतं, त्याला जागा राहिली पाहिजे.

पायरी 6: गुण काढा

उलट्या ओळीसाठी 8 मधून दिलेला आकडा वजा करा. कुणी अशा ओळीत 2 वर गोल केला तर गुण 8 वजा 2, म्हणजे 6. सरळ ओळीत 5 असेल तर 5 च. मग बेरीज. कोणत्या ओळी उलट्या, हे आठवणीने ठरवू नका, मूळ लेखातून क्रमांक उतरवून स्प्रेडशीटमध्ये एकदाच सूत्र घाला आणि दोन-तीन कागद हाताने मोजून सूत्र तपासा.

एखादी ओळ रिकामी राहिली असेल तर तिला शून्य देऊ नका. या मोजपट्टीवर शून्य नाहीच. अशा वेळी बेरजेऐवजी भरलेल्या ओळींची सरासरी घेणं सोपं पडतं. बऱ्याच ओळी रिकाम्या असतील तर कागद सोडून द्या. किती म्हणजे बऱ्याच, ते कागद पाहण्याआधी ठरवा, नंतर नाही.

प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. विश्वसनीयता म्हणून क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, द्यायचा रिवाज आहे आणि 0.70 च्या वर आला की सुटकेचा निःश्वास टाकला जातो. पण विधानं वाढली की अल्फा आपोआप चढतो, त्यामुळे 18 ओळींचा 0.93 आणि 4 ओळींचा 0.80 यांची थेट तुलना करू नका. आणि अल्फा कितीही चांगला असला तरी प्रश्नावली आवडच मोजते हे त्यातून सिद्ध होत नाही. तो सप्रमाणतेचा (व्हॅलिडिटीचा) प्रश्न आहे.

फीलिंग स्केलच्या नोंदींची नुसती सरासरी काढून थांबू नका. एका सत्रात आकडे 0, 1, 2, 3, 4 असे चढले आणि दुसऱ्यात 4, 3, 2, 1, 0 असे उतरले, तर दोन्हींची सरासरी 2 च. पण पायरी 1 मधला सायकलचा अभ्यास आठवा, ही दोन सत्रं लोकांच्या मनात सारखी राहणार नाहीत. सरासरी, सर्वांत खालचा आकडा आणि शेवटचा आकडा असे तिन्ही लिहा. शक्य असेल तर आलेख काढा, तो पाहताक्षणी गोष्ट कळते.

पायरी 7: आकडा वाचा, पण जपून

पहिला प्रश्न सगळे विचारतात, 'किती गुण म्हणजे चांगले?' रक्तदाबासारखी इथे ठरलेली सीमारेषा नाही. 126 पैकी 90 म्हणजे आवड 'आहे' आणि 89 म्हणजे 'नाही', असं काही नसतं. हा आकडा तुलनेतच बोलतो, तोच माणूस आधी आणि नंतर, किंवा तेच लोक एका प्रकारात आणि दुसऱ्या प्रकारात.

तुलनेतही डगमग असते. समजा तुमच्या गटात 18 ओळींच्या प्रश्नावलीचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप, 18 आहे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घेतल्यावर विश्वसनीयता 0.85 निघाली. मोजमापाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आवड तीच असूनही गुणांत येणारी डगमग, अशी निघते: 18 गुणिले (1 वजा 0.85) चं वर्गमूळ, साधारण 7. एकाच व्यक्तीच्या दोन गुणांमधला फरक 'खरा' म्हणायचा तर तो याच्या 2.77 पटीहून जास्त हवा, म्हणजे 19 च्या वर. थोडक्यात, या उदाहरणात कुणाचे गुण 84 वरून 92 झाले तर त्याचं अभिनंदन करण्यासारखं त्या आकड्यात काही नाही. तीस-चाळीस जणांच्या सरासरीत मात्र 8 गुणांची वाढ अर्थपूर्ण ठरू शकते, कारण व्यक्तिगत डगमग एकमेकींना छेद देते. एका माणसाबद्दल बोलायचं की गटाबद्दल, हे म्हणूनच आधी ठरवायचं.

आणि सगळ्यात फसवा सापळा. दहा जणांनी सुरुवात केली. सहा जणांचे गुण प्रत्येकी 100, चौघांचे 60. सरासरी 84. तीन महिन्यांनी नावड असलेले चौघे येईनासे झाले, उरलेल्या सहांचे गुण जिथल्या तिथे, 100. आता सरासरी 100! कुणाचीही आवड एका गुणाने वाढलेली नाही, तरी अहवालात 16 गुणांची वाढ झळकते. असे अहवाल लिहिले जातात, वाचले जातात आणि त्यांच्यावर टाळ्याही पडतात. उपाय सोपा आहे: शेवटपर्यंत राहिलेल्यांचे सुरुवातीचे गुण वेगळे काढून त्यांच्याशीच तुलना करा, आणि सोडून गेलेल्यांचे सुरुवातीचे गुण शेजारी छापा. जमलं तर सोडून गेलेल्यांना गाठून एकदा प्रश्नावली भरून घ्या. त्यांची उत्तरं बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त शिकवतात.

उलट बाजूही लक्षात असू द्या. आपणहून नाव नोंदवणाऱ्यांचे गुण पहिल्याच दिवशी 115-120 असतील, तर वाढायला जागाच उरलेली नाही. तिथे 'उपक्रमाचा परिणाम झाला नाही' असं म्हणणं चुकीचं ठरेल.

स्वतःपुरतं मोजायचं असेल तर

इतकं सगळं लागत नाही. वहीत चार रकाने आखा. आज काय केलं, आधी किती आवडेल असं वाटलं होतं, मध्यावर कसं वाटलं, संपल्यावर काही वेळाने कसं वाटलं. शेवटच्या तिन्ही रकान्यांत उणे 5 ते अधिक 5. काही आठवडे वेगवेगळे प्रकार, वेगवेगळ्या वेळा आणि वेगवेगळी तीव्रता करून पाहा. मग दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी धरून वाचा. अनेकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा खालीच निघतो, आणि हे स्वतःच्या अक्षरात दिसलेलं जास्त पटतं. मध्यावरचा आकडा सतत उणे येत असेल तर प्रकार बदलण्याआधी वेग कमी करून पाहा. नावड बऱ्याचदा धावण्याची नसते, त्या वेगाने धावण्याची असते.

पायरी 8: कागद बाजूला ठेवून एक तपासणी

प्रश्नावलीच्या शेवटी एक मोकळी ओळ ठेवा, 'कशामुळे?'. आकडा किती ते सांगतो, कारण सांगत नाही. सोबतची माणसं, संगीत, आरशासमोरचा संकोच, शिकवणाऱ्याचा सूर, गुडघा, ही कारणं या ओळीतच सापडतात.

आणि शक्य असेल तर निवडीची संधी द्या. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये कोड्यांच्या प्रयोगात एक साधी युक्ती वापरली होती. काहीतरी निमित्त काढून माणसाला काही मिनिटं एकटं सोडायचं आणि तो आपणहून तेच करत राहतो का ते पाहायचं. व्यायामाच्या वर्गात याचं रूप सोपं आहे. सत्राची शेवटची दहा मिनिटं मोकळी सोडा, साधनं तशीच राहू द्या, हजेरी आधीच घेऊन टाका. कोण कशाकडे वळतं आणि कोण थेट चपला घालतं, ते सांकेतिक क्रमांकापुढे नोंदवा आणि त्याच दिवशीच्या गुणांशी ताडून पाहा. लोकांवर नजर ठेवली जाणार आहे हे मात्र संमतिपत्रात आधीच लिहिलेलं हवं. कशावर, हे तपशिलात सांगितलं नाही तरी, नोंदी काढून झाल्यावर सगळं उलगडून सांगा आणि ज्यांना आपली नोंद नको असेल त्यांची काढून टाका.